चहाडी आणि साक्ष



मी पूर्वी ज्या धर्मग्रामात सेवेला होतो तिथली ही गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही. का, ते पुढे ध्यानात येईल.

गायनवृंदातील दोन मुलींनी सरावाला येणे बंद केले. विचारले तर 'अभ्यास असतो' एवढेच उत्तर. शेवटी एका रविवारी मिस्सानंतर एक आजी थांबली. म्हणाली, "फादर, संध्याकाळी मोरीजवळ तीन पोरं मोटारसायकल लावून उभी असतात. पोरींच्या मागं मागं घरापर्यंत जातात, नको ते बोलतात." मी विचारले, "कधीपासून?" "झाले की दोन-तीन महिने. सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना ठाऊक होते! गाडीचा नंबरसुद्धा. लग्नाच्या मांडवात, विहिरीवर, अगदी चर्चच्या पायऱ्यांवरही त्याची चर्चा झाली होती. झाली नव्हती ती फक्त त्या मुलांच्या घरी आणि पोलीस ठाण्यात. त्याआधी काही आठवडे संशय होता तो भाड्याच्या चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांवर. तेव्हा मात्र आवाज चढलेले होते. मुले आपल्यातलीच निघाली आणि सारे कुजबुजू लागले. माझ्याही कानावर थोडेफार आधी आले होते. 'वयच तसे असते' म्हणून मी ते सोडून दिले होते, हे इथे कबूल करतो.

'समाजकंटक' हा शब्द आपण माणसाला लावतो. कपडे, भाषा, राहण्याची चाळ पाहून लावतो. पण ओळखायची असते ती कृती. कोणाला भीती वाटते आहे? कोणी आपला रस्ता बदलला? ती आजी मुलांकडे नव्हे, मुलींकडे पाहत होती, म्हणून तिला कळले.

आता बोलण्याविषयी. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, कलम २४७७ मध्ये, ही दोन पापेही वेगवेगळी सांगितली आहेत. खोटा आळ घेणे हे एक. दुसरे आपल्याला पाप वाटतच नाही: दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारण नसताना, ज्याला माहीत नाही त्याला सांगणे. म्हणजे गोष्ट खरी असली तरी चहाडी ही चहाडीच. मग तक्रार ही चहाडी नाही काय? पुष्कळ भाविक इथेच अडतात आणि गप्प बसतात. लेवीय १९:१६ उघडून पाहा. एकाच वचनात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरू नका असे सांगितले आहे आणि लगेच शेजाऱ्याच्या रक्ताविषयी सांगितले आहे. शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता नुसते उभे राहू नये, असा त्याचा अर्थ यहुदी परंपरेने लावला. दोन्ही आज्ञा शेजारी शेजारी आहेत, कारण फरक बोलण्यात नाही, कोणाशी आणि कशासाठी बोलतो त्यात आहे. जो ते थांबवू शकतो त्याला सांगितले की ती साक्ष. बाकी सगळ्यांना सांगितले की चहाडी. आम्ही त्या गावात सगळ्यांना सांगितले होते.

मत्तय १८ मध्ये प्रभू येशूने आधी एकांतात समज द्यायला सांगितले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यावर विचार करताना एक अपवाद ठेवला. गुप्त पापाने इतरांना धोका होत असेल, उदाहरणार्थ कोणी नगर शत्रूच्या हाती देण्याचा कट करीत असेल, तर समज देत बसू नये, ताबडतोब कळवावे. समज देऊन तो धोका नक्की टळेल अशी खात्री असेल तरच गोष्ट वेगळी. आणि एकांतात समज द्या याचा अर्थ त्रास झालेल्या मुलीनेच एकटीने त्या मुलांसमोर जावे, असा तर मुळीच नाही.

आम्ही दोघे-तिघे आधी घरी गेलो. दोन घरांनी ऐकले. तिसऱ्या घरी वडील म्हणाले, "फादर, पोराचं आयुष्य बरबाद करायचंय का?" प्रश्न खोटा नव्हता. पण अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण २०१५ च्या कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि त्याचे नाव छापायलाही तो कायदा मनाई करतो. आपल्या ओट्यावर अशी मनाई कोणी पाळत नाही. मुलीला नको असताना तिचा पाठलाग करणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची बाब असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा आहे. सद्‍भावनेने कळवणाऱ्याला तोच कायदा संरक्षण देतो. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले मी कोणालाही सांगू शकत नाही. पायऱ्यांवर ऐकलेल्याला ती मुद्रा नाही, हे आम्हा धर्मगुरूंनाही उशिरा समजले आणि त्याची किंमत ख्रिस्तसभेने जगभर मोजली आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना धर्मगुरूंसाठी तसा नियमच करावा लागला.

पोलिसांसाठी ११२ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवा.

आजीने त्या मुलीच्या आईला सोबत दिली आणि दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. मी मागे बसलो होतो. त्यानंतर मोरीवर कोणी उभे राहिले नाही. त्या वडिलांनी वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. माझी बदली झाली तोवर दोघींपैकी एक मुलगी गायनवृंदात परतली होती, दुसरी नाही.

आपला धर्मगुरू