वचनाचा देश आधी पाहावा का?

देवाने जो देश देण्याचे वचन दिले आहे तो आधी पाहून येणे म्हणजे देवावरचा अविश्वास का, हा ज्यू धर्मचिंतनातला जुना वाद आहे. त्याचे मूळ तोरातील ‘गणना’ या ग्रंथाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत सापडते. इजिप्तमधून सुटलेले इस्राएली पारानच्या रानात मुक्कामाला होते. तेथून मोशेने बारा वंशांतला एकेक सरदार निवडून कनान पाहायला धाडला. काय पाहायचे हेही त्याने नीट बजावले: माणसे दणकट आहेत की दुबळी, थोडी की पुष्कळ, गावांना तट आहेत की नुसत्या छावण्या, जमीन कसदार आहे की नापीक, झाडे आहेत की नाहीत. येताना तिथली फळेही आणायची होती. आजचा कुणी परदेशी राहायला जाण्याआधी घरभाडे, पाणी आणि शेजार यांची चौकशी करतो, तिच्याहून ही यादी फार वेगळी नाही.

बारा जण चाळीस दिवसांनी परतले. अष्कोलच्या खोऱ्यातला द्राक्षांचा एक घड दोघांनी काठीवर टांगून आणला होता. सोबत डाळिंबे आणि अंजिरे होती. देश सुपीक आहे यावर बाराही जणांचे एकमत होते. शहरे तटबंदीची आहेत आणि हेब्रोनात अनाकचे धिप्पाड वंशज राहतात, हेही कुणी नाकारले नाही. फाटा फुटला तो पुढे. कालेब आणि यहोशवा म्हणाले, चढाई करू. उरलेल्या दहांनी सांगितले की त्या माणसांपुढे आपण टोळांएवढे आहोत. रात्रभर छावणीत रडारड झाली. दिवसाला एक वर्ष या हिशेबाने चाळीस वर्षे रानात भटकण्याची शिक्षा ठरली आणि त्या पिढीतले कालेब व यहोशवा एवढेच दोघे कनानात पोहोचले. ती रात्र अव महिन्याच्या नवमीची होती, असे परंपरा मानते. यरुशलेमची दोन्ही मंदिरे पडल्याचा शोक त्याच तिथीला पाळतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू या तिथीच्या उपवासाला बिरड्याचा रोजा म्हणत.

मग चूक कुठे झाली? पाहणीची आज्ञा देवाने दिली, असे ‘गणना’ सांगते. ‘अनुवाद’ या ग्रंथात मात्र मागणी लोकांनी केली आणि मोशेला ती पटली, असे येते. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी दोन्हींचा मेळ घालतो: देवाने आज्ञा दिली नाही, मर्जीवर सोडले. त्याच्या लेखी मागणीतच खोट होती. तेराव्या शतकातल्या रांबानला हे मान्य नाही. चमत्काराच्या भरवशावर बसून राहू नये, मोहिमेपूर्वी वाटा आणि गावे पाहून घ्यावीत, हे त्याला रीतसर वाटते. त्याच्या मते दहांचा अपराध अहवालात आहे. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन ते थांबले नाहीत. न विचारलेला निष्कर्षही त्यांनी जोडला. रांबानचे म्हणणे अधिक सरस आहे, कारण दहांनी सांगितलेली तटबंदी खरीच होती आणि खरे सांगण्याबद्दल शिक्षा होणे कुठल्याच धर्मात बसत नाही.

निष्कर्ष कसा घसरतो याचे तालमूदमधले उदाहरण मार्मिक आहे. हेर ज्या गावात शिरत तिथे प्रेतयात्रा चाललेली असे. सगळे दुःखात बुडालेले असावेत आणि परक्या माणसांकडे कुणाचे लक्ष जाऊ नये, म्हणून देवानेच ही योजना केली होती. हेरांनी त्याच अंत्ययात्रा पाहून ठरवले की ही भूमी आपल्या रहिवाशांना गिळते.

हसिदी पंथातल्या हबाद शाखेचे संस्थापक श्नेउर झाल्मान (मृत्यू 1812) यांनी तर दहांची बाजू उचलून धरावी तसा अर्थ लावला. रानात आकाशातून मान्ना हे अन्न मिळे, दिवस देवाच्या चिंतनात जाई. कनानात गेल्यावर नांगर धरावा लागणार, पेरणी आणि बाजार आला. हे सरदार भित्रे नव्हते, प्रपंचात उतरायला नाखूश होते. हा अर्थ मूळ कथेवर जरा ताणलेला वाटतो, पण देश सोडणाऱ्याची एक खरी ओढ त्यात पकडली आहे.

न पाहता जाणेही परंपरेला मंजूर नाही. शिक्षा ऐकताच तेच लोक दुसऱ्या सकाळी मोशेचे न ऐकता डोंगर चढून गेले आणि मार खाऊन परतले. पुढे यहोशवाने यरीहोला दोनच हेर पाठवले, तेही गुपचूप. तिथल्या राहाब नावाच्या बाईने त्यांना धाब्यावर जवसाच्या ताटांखाली लपवले. परतल्यावर त्यांनी हकीकत फक्त यहोशवाला सांगितली. बारा सरदारांनी ती भर सभेत मांडली होती. ‘शास्ते’ या ग्रंथात दान वंशाचे पाच जण लईश पाहून येतात. तिथली माणसे शांत, बेसावध आहेत एवढे त्यांना पुरते आणि ते गाव जाळले जाते. पाहणाऱ्याने तिथे आधीच राहणाऱ्यांचे काय देणे लागते, हा प्रश्न तिथे उभा राहतो, पण ग्रंथ त्याचे उत्तर देत नाही.

विसाव्या शतकात हा पेच पुन्हा आला. 1903 मध्ये ब्रिटनने पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनियातल्या वासिन गिशू पठारावर, ज्यूंना वसाहतीसाठी जागा देऊ केली. त्या वर्षीच्या झायोनिस्ट अधिवेशनात पाहणी पथक पाठवण्याच्या बाजूने 295 आणि विरुद्ध 178 मते पडली. वचनाचा देश सोडून दुसरा नुसता पाहणे हाच द्रोह, असे मानणारे रशियन प्रतिनिधी सभागृह सोडून गेले. गिबन्स, कायझर आणि विल्बुश हे तिघे 1905 च्या आरंभी पठारावर फिरले. एकच पठार पाहून गिबन्स त्यातल्या त्यात अनुकूल झाले, विल्बुश साफ विरोधात गेले. 1905 च्या अधिवेशनाने प्रस्ताव फेटाळला. इझ्राएल झांगविल यांनी तेव्हा वेगळी संघटना काढली. तिने सायरेनायका आणि अंगोला येथे पथके पाठवली. 1925 मध्ये ती विसर्जित झाली, तोवर पाहिलेल्या एकाही प्रदेशात तिची वसाहत उभी राहिली नव्हती.