गांधारीचा विवाह आणि पित्याचा दोष

देवळात महाभारताचे पुराण लागले आणि आदिपर्वातील गांधारीच्या विवाहाची कथा आली, की श्रोतृवर्गात एक वाद हमखास उपस्थित होतो. आपली कन्या अंध धृतराष्ट्रास देणाऱ्या सुबल राजास दोष द्यावा की नाही? एक पक्ष म्हणतो, बापाने जाणूनबुजून मुलीला विहिरीत लोटले. दुसरा म्हणतो, कुरुकुलाची मागणी आणि तीही भीष्मांची. गांधारचा राजा नाही म्हणणार कसा?

मूळ हकीकत अगदी थोडक्यात आहे. शंकराच्या वराने गांधारीस शंभर पुत्र होणार, हे भीष्मांच्या कानी आले व त्यांनी मागणी धाडली. वर अंध म्हणून सुबल प्रथम विचारात पडला. मग कुळ, कीर्ती व आचार पाहून त्याने होकार दिला. वर अंध आहे आणि मातापित्यांनी आपणांस त्यालाच देण्याचे योजिले आहे, हे गांधारीने नुसते ऐकले. कोणाकडून, ते व्यासांनी सांगितलेले नाही.

आमच्या मते अंध जावई पत्करला, हा सुबलाचा दोष नव्हे. अंधत्व हे काही पातक नाही. त्याने तीन गोष्टी तोलून पाहिल्या, परंतु कन्येचे मन त्यांत धरले नाही, हा दोष. (पत्रिका घेऊन आमच्या घरी येणारे वधूपिते छत्तीस गुणांपैकी किती जुळले हे आवर्जून विचारतात. मुलीला विचारले काय, असा प्रश्न केल्यास पुष्कळ वेळा हसून उत्तर टाळले जाते.) वनपर्वातील अश्वपतीने सावित्रीस स्वतः वर शोधण्यास पाठविले. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्षाचे आहे, हे नारदांकडून कळताच दुसरा वर पाहा असे त्याने विनविले. ती ढळली नाही, तेव्हा तिचा शब्द मानला. तेथे संकट अधिक मोठे होते, तरी अश्वपतीस कोणी दोष देत नाही.

पुढील संहाराचे खापरही काही लोक सुबलावर फोडतात. हे आम्हांस मान्य नाही. सुबलास कैदेत मारल्याची व त्याच्या अस्थींचे फासे करून शकुनीने सूड उगविल्याची कथा लोकांत फार प्रिय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. तेथे शकुनी बहिणीस पोहोचवून, सन्मान घेऊन स्वनगरास परततो. दुसऱ्या द्यूतापूर्वी दुर्योधनाचा त्याग करा, असे गांधारीने पतीस स्पष्ट सांगितले होते. त्याने ऐकले नाही, तो दोष त्याचा.

डोळ्यांस पट्टी बांधली ती पतिनिष्ठेने, असे ग्रंथ म्हणतो व ते आम्ही नाकारीत नाही. परंतु या विवाहात तिने स्वतः घेतलेला पहिला निर्णय तोच होता, हेही विसरता येत नाही.

राहिली माता. कन्या देण्याच्या संकल्पात पित्याबरोबर तिचाही उल्लेख आहे. पण तेथे तिचे नाव नाही, आणि ती काय बोलली हेही नाही.