अडीच गुंठ्यांची सबब

जागा नाही म्हणतोस? अडीच गुंठ्यांत बंगला बांधलास. पुढं गाडीसाठी फरशी घातलीस, फरशीच्या कडेनं फॉक्सटेल पाम उभे केलेस, कंपाउंडला कोनोकार्पसची रांग लावलीस. एवढं सगळं मावलं. मग अडुळशाच्या एका झुडपालाच जागा कशी रे संपली?

वर तोंड करून सांगतोस, "सर, आम्हाला झाडांतलं काय कळतंय?" हे दुसऱ्या कुणाला तरी सांग. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा पोरगा तू. माती-पाणी तपासून आणल्याशिवाय खड्डा न काढणारा. पाणी क्षारट निघालं तर डॉगरिजचा खुंट लावून त्यावर कलम भरणारा. सोनाका घ्यायची की तास-ए-गणेश, यावर पारावर रात्र काढणारा. डॉगरिज अमेरिकेतला, इथला नव्हे. तरी मी कधी अवाक्षर काढलं नाही, कारण तो घेताना तू डोकं वापरलं होतंस. घराच्या दारात मात्र नर्सरीवाला टेम्पोतून उतरवेल ते. डोकं काय रानातच ठेवून येतोस?

"लवकर वाढतंय, जनावर तोंड लावत नाही," हे म्हणे कोनोकार्पसचे गुण. गुजरात सरकारनं २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं पाइपलाइनी आणि गटारं फोडतात, परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो, अशी कारणं दिली. तुझी ड्रेनेजची लाइन त्या रांगेखालूनच गेलीय ना? मग फुटली की गवंड्याला शिव्या देऊ नकोस.

मागं एकदा "देशी लाव" म्हणून सांगितलं, तर कंपाउंडपासून चार फुटांवर वड लावलास. फोटोही पाठवलास. अरे मर्दा, वड देशी आहे, पण अडीच गुंठ्यांचा नाही. मी काय म्हणतोय ते कळलं नव्हतं, की कळून सवरून सोपं तेवढं उचललंस?

गणपतीच्या गावात राहतोस. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळापुढून ऋषिपंचमीला रथ निघतो, तेव्हा दोराला हात लावायला पुढं असतोस. छान. पण आदल्या दिवशी पत्री कुठून आणतोस? बाजारातून, जुडी बांधलेली. त्या जुडीतला आघाडा आणि माका तुझ्याच भिंतीकडेला पावसाळ्यात आपसूक उगवले होते. तू तणनाशक मारून जाळलेस. फुकट आलेलं जाळायचं आणि तेच पैसे मोजून घ्यायचं, हा हिशेब बेदाण्याच्या सौद्यात केलास तर वडील घराबाहेर काढतील. दसऱ्याला तर तुझी कमालच. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणतोस. आपट्याचं पान लहान, जाडसर, कांचनाचं ऐसपैस. एवढं मोठं सोनं हातात आलं तेव्हा शंका नाही आली? बुटका, वेडावाकडा वाढणारा आपटा गेटच्या कोपऱ्यात सहज बसतो. लावला असतास, तर पोरांना खरं पान तरी दिसलं असतं.

झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफाही तिकडचाच. ते काढ असं मी म्हणत नाही. मला स्वदेशीची मिरवणूक काढायची नाही. जे लावशील ते ओळखून लाव, एवढंच.

आणि तो कढीपत्ता! अख्ख्या अंगणात तेवढंच एक कामाचं झाड. त्याच्या पानावर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं. तू काय केलंस? बागेवर मारून उरलेलं औषध पंपासकट आणलंस आणि फवारलंस. ती फुलपाखराची अळी होती. काळपट, मध्ये पांढरा पट्टा. काडीनं हळूच डिवचली असतीस तर डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढली असती. मोठी झाली की तीच पानासारखी हिरवी होते. राज्याचं फुलपाखरू म्हणून ब्लू मॉर्मनचा फोटो स्टेटसला ठेवतोस, आणि त्याच्याच भावकीतली पोरं घरी मारतोस. शिवाय तीच पानं फोडणीत टाकून खाल्लीस. धन्य आहेस!

पाणी नाही म्हणू नकोस. टँकर विकत घेऊन बागा जगवणारा आपला तालुका. तिकडं सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना बरोबर घेऊन झाडी उभी केली, १९८५ साली तिचं अभयारण्य झालं. तुला दारातल्या चार झुडपांचं होईना? आणि लॉनवर सकाळ-संध्याकाळ पाइप धरतोस, ते काय आहे मग?

रोपं मिळत नाहीत, ही तर शुद्ध थाप. अडुळसा, निर्गुडी, तगर फांदी खोचली तरी फुटतात. शेजारणीकडं माग, लाजतोस कशाला?

मृग तोंडावर आलाय. पश्चिमेच्या तापत्या भिंतीला निर्गुडी आणि अडुळसा. कुंपणाला करवंद, काटे आहेत, राखण होईल आणि लोणचंही. खिडकीखाली पारिजातक. वर गच्चीत कुंड्यांतून अबोली, कोरांटी, मरवा. कठड्यावर कुंदाचा वेल. जमिनीत लावशील ती दोन उन्हाळे नीट सांभाळ, पुढं त्यांना फार पाणी लागणार नाही. वड आत्ताच, लहान आहे तोवर, उचलून रानात बांधाच्या कोपऱ्यावर ने. कोनोकार्पस मुळासकट काढ. नुसता छाटून "केलं सर" म्हणून फोन करू नकोस. छाटला की दुपटीनं फुटतो, आणि छाटणीतलं मी तुला शिकवायला नको.