खोरं हातात देताना

आमच्या खंडाळा तालुक्यातला कांदा लोणंदच्या बाजाराला जातो, आणि तिथला भाव घराघरातलं सुखदुःख ठरवतो. या कांद्याच्या रानातच मला एक प्रश्न पडला. काम सांगणं आणि काम सोपवणं, यात फरक काय?

मी नववीत होतो. आबा तापानं पडलेले. लाईट रात्रीची, आणि गरव्या कांद्याला पाणी तर द्यायलाच हवं. आबांनी खोरं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आजचं दारं तुझं."

चार-सहा वाफे भिजेपर्यंत नेटानं जागलो. मग जरा बांधाला टेकलो आणि डोळा लागला. पाट फुटला. पहाटे बघतो तर शेजारच्या नानांच्या, फुलावर आलेल्या हरभऱ्यात पाणी तुंबलेलं.

नाना ओरडतच दारात आले. आबा घोंगडं पांघरून बाहेर गेले.

"पाणी माझ्याच्यानं गेलं, नाना. नुकसान भरून देतो."

"पोरगं झोपलं हुतं म्हणं?"

"दारं माझं हाय. पोराला उभं म्याच केलं हुतं."

घरात आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. आता खोरं काही परत हातात येत नाही, असं मी धरून चाललो. संध्याकाळी जेवून उठलो तर उशाशी खोरं आणि बॅटरी ठेवलेली. "झोप आली तर मोटर बंद कर, मग झोप. पाणी सोडून झोपू नगंस." एवढंच. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. माझा दोष आबांनी अंगावर घेतला होता, त्याचं ओझं खोऱ्यापेक्षा जड होतं.

सावित्रीबाई फुले आमच्याच तालुक्यातल्या नायगावच्या. जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. रस्त्यात अंगावर शेण आलं, दगड आले. शाळेपायी दोघांना घर सोडावं लागलं. तरी जोतीरावांनी "आता राहू दे" म्हणून ते काम काढून घेतलं नाही. त्यांच्या माघारी 1893 साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाईच होत्या. सोपवलेलं काम असं माणसाचं होऊन जातं.

हे सगळं ठाऊक असून, रान माझ्याकडं आलं तेव्हा मी काय केलं? लागणीला बायका लावल्या आणि बांधावर उभा राहिलो. "दाट लावा, मावशी. वाकडं जातंय बघा." काम काही पुढं सरकेना. मग मला शहाणपण सुचलं. माणसाला आपलेपणा दिला की हात चालतो, असं ऐकलं होतं. मुकादम मावशींना म्हणालो, "हे रान तुमचंच समजा."

मावशींनी मान वर केली नाही. रोप दाबता दाबता म्हणाल्या, "मग पट्टी आली की आमालाबी बोलवा, दादा."

बायका खदाखदा हसल्या. मीही हसलो, पण ते बोलणं मनात रुतलं. आबांनी मला निर्णय दिला आणि दोष स्वतःकडं ठेवला. मी निर्णय आणि पैसा दोन्ही माझ्याकडं ठेवून बायकांना मालकीची नुसती काळजी वाटत होतो. गोड बोलून काम काढून घेणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारून लागण उक्ती दिली. दर त्यांनी सांगितला. कुठला वाफा आधी, कुठलं रोप टाकून द्यायचं, हेही त्यांनीच ठरवलं. मी घरी आलो. खरं सांगतो, पाय सारखे रानाकडं ओढत होते. सोपवणाऱ्यालाच ते जास्त जड जातं.

त्या साली पट्टी बरी आली. ठरल्यापेक्षा जास्तीचे पैसे घेऊन मावशींच्या दारात गेलो. त्यांनी नोटा मोजल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"आन पुढल्या साली भाव पडला तर? कापून घ्याल?"

"न्हाई, मावशी. तो तोटा माझा."

"मग खरं," म्हणाल्या आणि नोटा कनवटीला लावल्या.