गादीचा निकाल

गादीचा तंटा अखेर रणांगणावर मिटतो, असें इतिहास वाचणारास सामान्यतः वाटतें. परंतु रणांगण जो निकाल देतें, तो कशाचा? बाहुबळाचा कीं अधिकाराचा? बीड जिल्ह्यांतील चकलांब्याच्या रहिवाशास हा प्रश्न दारचाच वाटावा. कारण त्याच गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या तीरीं, राक्षसभुवन आहे, आणि तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं झालेल्या लढाईनें माधवराव पेशव्यांचें आसन स्थिर केलें.

१७६१ सालीं माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. कारभार मात्र चुलते रघुनाथराव यांना हवा होता. नोव्हेंबर १७६२ मध्यें दादासाहेबांनीं निजामाचें साहाय्य घेऊन पुतण्यावर चाल केली, आणि आळेगांव येथें माधवराव त्यांच्या स्वाधीन झाले. तलवारीला जो निकाल देतां येतो, तो तिनें येथें पुरता दिला होता. तरी प्रश्न सुटला काय? मुळींच नाहीं. दादासाहेबांच्या हातीं सत्ता आली, पण लोकांची निष्ठा आली नाहीं. दुखावलेले सरदार निजामास मिळाले, आणि पुढच्याच वर्षीं निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें.

नंतर राक्षसभुवनाचा प्रसंग आला. निजामअली नदी ओलांडून गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर होता. लढाईच्या भरांत दादासाहेब शत्रूच्या वेढ्यांत सांपडले. त्या क्षणीं अठरा वर्षांच्या पुतण्यानें धाव घेऊन त्यांस सोडविलें. विठ्ठल सुंदर पडला, आणि तहानें ८२ लक्षांचा मुलूख मराठ्यांकडे आला. त्या दिवसापासून कारभाराचीं सूत्रें माधवरावांकडे आलीं.

कोणी म्हणेल, यांत नीति कसली? चुलता पडता तर फौज उधळली असती. म्हणून त्यास वांचविणें हा निव्वळ शहाणपणा होता. पण स्वार्थास येथें तलवार उपसण्याचीही गरज नव्हती. थोडा उशीर पुरता. त्या उशिराचा दोष कोणीही दिला नसता. जेथें पाप करूनही निष्कलंक राहतां येतें, तेथेंच मनुष्याची परीक्षा होते, आणि फौजेनें ती डोळ्यांनीं पाहिली. आळेगांवीं प्रतिस्पर्ध्यास जिंकून जें दादासाहेबांना मिळालें नाहीं, तें प्रतिस्पर्ध्यास वांचवून माधवरावांना मिळालें.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत वध झाला, आणि रामशास्त्र्यांनीं त्याबद्दल दादासाहेबांस दोषी ठरविलें. मग राक्षसभुवनचें औदार्य घातक ठरलें असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. प्राण वांचविणें व विश्वास टाकणें हीं दोन कर्तव्यें निराळीं आहेत. १७६८ मध्यें धोडप येथें दादासाहेबांचें बंड मोडल्यावर माधवरावांनीं त्यांस जिवंत ठेविलें, परंतु नजरकैदेंत ठेविलें. चूक झाली असेल तर ती १७७२ मध्यें, अंतकाळीं धाकट्या भावास त्यांच्या हातीं सोपविण्यांत झाली. दयेस सावधपणाची जोड नसली तर तिचें मोल निरपराधास द्यावें लागतें. पण त्यासाठीं दयाच टाकून देणारा मनुष्य गादी जिंकील, अधिकार मात्र जिंकणार नाहीं.