बरे झाल्यावरची राखण

मांडीतली गाठ काढून झाली, टाके सुटले, आभाराची मिस्साही अर्पण केली. मग दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा त्या यंत्रात का शिरायचे? एकदा देवाच्या हाती सोपवल्यावर पुन्हा संशय कशाला? आजाऱ्यांना भेटायला गेलो की हा प्रश्न आपल्या कानी येतो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा नीट विचार करू या.

स्नायू, चरबी, नसा अशा मऊ भागांत होणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. हा आजार विरळा. पण शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी परतण्याची किंवा फुप्फुसांत पसरण्याची त्याला खोड असते. पहिली दोन-तीन वर्षे हा धोका सर्वाधिक. म्हणून डॉक्टर त्या जागेचा एमआरआय आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगतात.

एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतो, त्यात क्ष-किरण नसतात. तरी तो सर्वज्ञ नाही. जखमेचा वण, साचलेले पाणी, किरणोपचाराची सूज हेही चित्रात संशयास्पद दिसू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी एक एमआरआय काढून ठेवतात आणि पुढची चित्रे त्याच्याशी ताडून पाहतात. जुन्या फिल्म जपून ठेवायला सांगतात ते यासाठीच.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हातापायांच्या सार्कोमाची शस्त्रक्रिया झालेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. छातीचा साधा एक्स-रे काढत राहिलेले रुग्ण सीटी स्कॅन काढणाऱ्यांपेक्षा जगण्याच्या बाबतीत मागे पडले नाहीत. शिवाय शस्त्रक्रियेच्या जागी परतलेल्या बहुतेक गाठी रुग्णांना स्वतःलाच हाताने चाचपून कळल्या होत्या.

यातून आपण काय घ्यावे? राखण करणे म्हणजे महागातली महाग तपासणी करणे नव्हे. जी माहिती मिळाल्यावर काही उपाय करता येतो, ती वेळेवर मिळवणे हे आपले कर्तव्य आहे. मांडीच्या खोल स्नायूत हात पोहोचत नाही, तिथे एमआरआयचा आधार घ्यावा. पण डॉक्टरांनी सांगितले नसताना केवळ जिवाची धास्ती शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा स्कॅन काढल्याने ती शमत नाही. पुढच्या रिपोर्टपर्यंत लांबते एवढेच.

आणि श्रद्धेचे काय? वाडीला पाणी दिल्यावर बागायतदार रोज एक फेरी मारतोच. म्हणून त्याचा पावसावर विश्वास नाही, असे आपण म्हणत नाही. शरीर हेही आपल्याला सांभाळायला दिलेले आहे.

खरा दोष वेगळ्याच जागी घडतो. हाताला गाठ लागते आणि आई गप्प बसते, कारण मुलीचे लग्न ठरले आहे. बाप तारीख चुकवतो, कारण एमआरआयचे पैसे म्हणजे घराचा महिनाभराचा खर्च. मुलगा रिपोर्ट लपवतो, कारण म्हातारीला धक्का बसेल. हे सारे प्रेमापोटीच होते, पण त्यात जातो तो उपचाराचा वेळ. लहान असताना सापडलेली गाठ पुष्कळदा पुन्हा काढता येते. ज्याचे शरीर आहे त्याच्यापासून सत्य लपवून आपण त्याचा निर्णयच काढून घेतो.

तेव्हा राखणीचे हे ओझे एकट्या आजाऱ्यावर टाकू नये. यंत्राच्या त्या खडखडाटात त्याला एकट्यानेच पडून राहावे लागते. पण पहाटेच्या लोकलमध्ये, पैशांच्या जुळवाजुळवीत आणि रिपोर्ट हाती येईपर्यंतच्या दिवसांत आपण त्याच्यासोबत असू शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आपण सारे धावून जातो. वर्षभराने मात्र कोणी विचारत नाही. आपल्या आळीत असे कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन पुढच्या तपासणीची तारीख विचारू या आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही ठरवू या.