‘तो काही करत नाही’



पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या एका आजींनी आपली रोजची वाट बदलली आहे. त्या वाटेवरचा एक पाळीव कुत्रा मोकळाच असतो, अंगावर धावून येतो. मालक ओट्यावरून हसत सांगतो, “घाबरू नका, तो काही करत नाही!”

आजवर तो चावलेला नाही, हे खरे. मग मालकाचे चुकले कुठे?

कुत्र्याचा स्वभाव मालकाला ठाऊक असतो, वाटसरूला नाही. आपल्या भरवशाची किंमत दुसऱ्याने भीती सोसून का द्यावी?

दोष कुत्र्याचाही नाही. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लाला परकी माणसे, मुले, इतर कुत्रे यांची सवय व्हावी लागते. तेव्हा कोपऱ्यात बांधून ठेवलेले पिल्लू मोठेपणी बहुधा भीतीपोटीच अंगावर येते.

निर्गम ग्रंथात (२१:२८-२९) मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाच्या शिंगाने माणूस दगावला, तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे असे आधी बजावूनही त्याने तो आवरला नसेल, तर मालकही दोषी. कळल्यावर केलेले दुर्लक्ष हा अपघात नसतो.

म्हणजे सांगणे हेही कर्तव्यच. कुत्र्याला दगड मारू नका, मालकाची निंदा करत फिरू नका. त्याच्या घरी जाऊन शांतपणे बोला. आणि मालकांनो, ऐकून घ्या. फाटक लावा, बाहेर नेताना पट्टा हातात धरा.

आजींना त्यांची वाट परत मिळू द्या.

आपला,
फादर